मोडीत निघालेल्या पाट्यांचे काय करावे?

धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघाले, की सुमारे २० किलोमीटरवर सोनगीर लागते. गावालगतचा जुना किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी यांमुळे सोनगीरचे नाव खानदेशात सर्वांच्या परिचयाचे आहे. महामार्गावरचे गाव असल्यामुळे आणखी एक गोष्ट येथे ओघानेच आली. ती म्हणजे मोटारदुरुस्तीचे गॅरेज आणि त्याच्या मागे साचलेला जुन्या भागांचा ढीग.

माझा एक जुना विद्यार्थी अशा एका गॅरेजचा मालक आहे. एकदा त्याच्याकडे गेलो असता त्याने मला मागच्या परसात नेले. जीपगाड्यांच्या कमानींचे पाटे, मोटारींच्या वेटोळ्या स्प्रिंगा, तेल गळून गेलेले शॉकॲब्सॉर्बर, रबरी आणि पितळी बुश असा कमरेइतका उंच ढीग तेथे पडला होता.

"सर, या ढिगनं काय करानं?" त्याने आपल्या अहिराणीत विचारले.

त्या आठवड्यात त्याच्याकडे चार गिऱ्हाइके येऊन गेली होती. एका जीपवाल्याला आपल्या प्रवासी जीपच्या तुटलेल्या पाट्याच्या जागी ढिगातलाच एखादा पाटा बसवून हवा होता. एका शेतकऱ्याला वखराची पास आणि विळे करून घेण्यासाठी पाटे पाहिजे होते. जवळच्या शाळेच्या शिक्षकांनी प्रयोगासाठी एक स्प्रिंग मागितली होती. आणि भंगारवाला म्हणत होता, "सगळा ढीग तोलून द्या, आजच उचलतो." जीपवाल्याकडून पैसे सर्वांत जास्त मिळणार होते, भंगारवाल्यामुळे परस मोकळे होणार होते.

विद्यार्थी मित्रांनो, वरवर पाहता हा प्रश्न व्यवहाराचा आहे. परंतु त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाला विचारावे लागते. ते कसे, हे आपण पायरीपायरीने पाहू.

स्प्रिंग काय काम करते?

चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले, की ते झटक्याने खालीवर होते. हा झटका तसाच गाडीच्या सांगाड्याला आणि आत बसलेल्या माणसांना लागू नये, म्हणून चाक आणि सांगाडा यांच्या मध्ये स्प्रिंग घालतात. मालमोटारीत व जुन्या धर्तीच्या जीपमध्ये ही स्प्रिंग एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची असते. या पट्ट्यांनाच गॅरेजमध्ये पाटे म्हणतात. लहान मोटारीत बहुधा जाड पोलादी सळईची वेटोळी स्प्रिंग असते.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्याच्या रूपाने प्रसिद्ध केला आणि १६७८ मध्ये कोड्याचा उलगडा केला. स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत स्प्रिंगची लांबी जितकी बदलते, त्या प्रमाणात तिचे बल असते, असा तो नियम आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, मोटारीच्या एका स्प्रिंगवर ३०० किलोग्रॅम भार येतो. म्हणजे बल सुमारे ३,००० न्यूटन. या बलाने स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबते. तर तिचा स्थिरांक ३,००० ÷ ०.१५ = २०,००० न्यूटन प्रति मीटर. या स्प्रिंगवर ५० किलोग्रॅमची धान्याची गोणी ठेवली, तर ती किती दबेल? ४९० ÷ २०,००० = ०.०२४५ मीटर, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटर.

आता ही स्प्रिंग कापून निम्मी केली तर काय होईल? पुष्कळांना वाटते की ती निम्मी नरम होईल. प्रत्यक्षात उलटे होते. तेवढेच बल लावले असता प्रत्येक वेटोळे पूर्वीइतकेच दबते. पण वेटोळ्यांची संख्या निम्मी झाल्यामुळे एकूण दबणे निम्मे होते. म्हणजे स्थिरांक दुप्पट झाला, स्प्रिंग दुप्पट ताठ झाली. गाडी ठेंगणी दिसावी म्हणून स्प्रिंग कापून घेणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. खड्ड्यातला झटका स्प्रिंगने घेतला नाही, तर तो सांगाड्याला आणि माणसांच्या पाठीला सोसावा लागतो.

दबलेल्या स्प्रिंगमध्ये ऊर्जाही साठलेली असते. ती काढण्याचे सूत्र असे:

ऊर्जा = १/२ × स्थिरांक × (दबलेली लांबी)²

गाडी जॅकवर उचलून चाक अधांतरी केले, तरी स्प्रिंग दोन बैठकींच्या मध्ये काहीशी दबलेलीच राहते. समजा, ती १० सेंटिमीटर दबलेली आहे. मग ऊर्जा १/२ × २०,००० × ०.१ × ०.१ = १०० जूल. हा आकडा लहान वाटेल. परंतु १ किलोग्रॅमच्या लोखंडी तुकड्याला ही सर्व ऊर्जा मिळाली, तर तो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने सुटेल. म्हणून बैठकीत अडकलेली स्प्रिंग दाबून धरणाऱ्या खास शिकंजाशिवाय सोडवू नये. सुटी होऊन ढिगात पडलेली स्प्रिंग मात्र निरुपद्रवी असते. तिच्यात साठवण उरलेली नसते.

पाटे पातळ का असतात?

एक जाड पाटा न वापरता अनेक पातळ पाटे का रचतात? शंभर पानी वही हातात घ्या आणि वाकवा. ती सहज वाकते. वाकवताना कडेची पाने एकमेकांवरून सरकलेली दिसतील. हीच पाने खळीने एकमेकांना पक्की चिकटवली असती, तर वहीचा पुठ्ठा झाला असता आणि तो वाकला नसता.

पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. १ जाडीचे ५ पाटे सुटे रचले, तर एकूण ताठपणा ५. पण ५ जाडीचा एकच पाटा घेतला, तर ताठपणा १२५! शिवाय दोन पाटे सारखेच वाकवले, तर जाड पाट्याच्या पृष्ठभागावर अधिक ताण येतो. हा ताण जाडीच्या प्रमाणात वाढतो.

यातून गॅरेजच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. ७ मिलिमीटर जाडीच्या पाट्यांच्या संचात ढिगातला १० मिलिमीटरचा पाटा घुसवला, तर त्याचा ताठपणा शेजाऱ्याच्या जवळजवळ तिप्पट असल्यामुळे भाराचा मोठा वाटा तोच उचलील. त्याच्या पृष्ठभागावर ताणही सुमारे ४३ टक्के अधिक येईल. म्हणजे मदतीला आणलेला पाटाच आधी तुटण्याची भीती. "जादा पाटा टाका म्हणजे गाडी मजबूत होते", हे म्हणणे म्हणूनच खरे नाही.

पोलादही थकते

आता जीपवाल्याच्या मागणीकडे वळू. त्याने निवडलेला पाटा जाडीलाही बरोबर होता आणि दिसायलाही चांगला होता. गंजाचा थर साधाच, कमानही शाबूत. मग तो द्यायला हरकत कोणती?

हरकत अशी, की पाट्याचा आकार आपल्याला दिसतो. त्याने किती झोके खाल्ले ते दिसत नाही. आपण हिशेब करू. वरच्या उदाहरणातील स्प्रिंगवरचा भार झटका बसल्यावर सेकंदाला सुमारे १.३ आंदोलने करतो. पाट्यांच्या कमानीचेही तसेच धरू. सोनगीर ते धुळे हे २० किलोमीटरचे अंतर ताशी ४० किलोमीटरने तोडायला अर्धा तास, म्हणजे १,८०० सेकंद लागतात. रस्त्यावर झटके बसतच असतात, म्हणून एका खेपेत सुमारे २,३४० आंदोलने धरू. दिवसाला ८ खेपा आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर वर्षाकाठी ५६ लाखांहून अधिक आंदोलने झाली! यांतली बहुतेक लहान असतात हे खरे; पण भरलेली गाडी खड्ड्यात आदळते तेव्हाची मोठी आंदोलनेही त्यांतच आली.

एकदा दिलेल्या भाराने जो पाटा मुळीच तुटत नाही, तोच भार लाखो वेळा दिला आणि काढला की तुटू शकतो. याला धातूचा थकवा म्हणतात. या प्रकाराकडे जगाचे लक्ष वेधले ते रेल्वेमुळे. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून धडधाकट दिसणारे आस का मोडतात, याचा शोध सुरू झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन पाहण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आणि १८७० पर्यंत त्यांचे निष्कर्ष मांडले. भार जितका मोठा, तितक्या कमी फेऱ्यांत धातू तुटतो. आणि पोलादाच्या बाबतीत एका ठरावीक मर्यादेखालचा भार असला, तर तो फार मोठ्या संख्येने दिला तरी पोलाद टिकते, असे त्याला आढळले.

थकव्याची सुरुवात बहुधा पृष्ठभागावरील एखाद्या ओरखड्यापासून, गंजाच्या खळगीपासून किंवा भोकाच्या कडेपासून होते. तेथे केसासारखी भेग पडते. प्रत्येक आंदोलनागणिक ती किंचित पुढे सरकते. उरलेला भाग भार पेलीत असतो, म्हणून वरून काहीच कळत नाही. शेवटी उरलेला भाग अपुरा पडतो आणि पाटा एका क्षणात तुटतो. तुटलेला पाटा कधी मिळाला तर त्याचे तोंड पाहा. बहुधा एक भाग गुळगुळीत व काळसर दिसेल. ती जुनी भेग. दुसरा भाग खरबरीत व चकचकीत दिसेल; तो शेवटी एकदम तुटलेला.

भेग कशी शोधावी?

आम्ही त्या पाट्याची परीक्षा घ्यायचे ठरवले. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी जी पद्धत वापरीत, ती करायला अगदी सोपी आहे. पाटा तारेच्या ब्रशाने स्वच्छ घासला. रॉकेल सहजी मिळाले नाही, म्हणून डिझेल लावून तो अर्धा तास ठेवला. मग फडक्याने पुसून पूर्ण कोरडा केला आणि त्यावर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा पातळ लेप दिला. लेप वाळल्यावर हातोड्याने पाट्यावर हलके ठोके दिले. भेग असेल तर तिच्यात शिरलेले डिझेल केशाकर्षणाने आणि ठोक्यांच्या हादऱ्याने बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर ओलसर रेघ उमटते. (हे सारे गॅरेजमधील मोठ्या माणसांनीच करावयाचे आणि जवळपास आग किंवा ठिणगी असता कामा नये.)

पाच-सात मिनिटांनी मधल्या भोकाच्या कडेपासून निघालेली, करंगळीच्या पेराएवढी एक रेघ लेपावर दिसू लागली. जीपवाला शेजारीच उभा होता. तो बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला. रोज त्याच्या गाडीत शाळेची मुले बसतात.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. रेघ उमटली तर पाटा बाद, हे नक्की. परंतु रेघ उमटली नाही, म्हणजे पाटा निर्दोष असे मात्र म्हणता येत नाही. थकवा आलेला आहे पण भेग अजून पृष्ठभागावर उघडलेली नाही, अशीही अवस्था असू शकते. म्हणून ज्याचा इतिहास ठाऊक नाही असा पाटा माणसे वाहणाऱ्या गाडीला पुन्हा लावू नये. तुटलेला पाटा वेल्डिंग करून जोडणे तर त्याहून वाईट. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगतचे पोलाद ठिसूळ होते आणि पुढची भेग तेथेच पडते.

तांबटाचे पाणी आणि लोहाराचे पाणी

मग असा पाटा टाकाऊ झाला का? नाही. आता शेतकऱ्याची मागणी पाहू.

सोनगीरच्या मुलांनी तांबट काम करताना पाहिले असेल. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो. मग तांबट तो भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात बुडवतो. पत्रा पुन्हा नरम होतो आणि ठोकायला घेता येतो. लोहारही विळा लाल तापवून पाण्यात बुडवतो. त्याला आपण विळ्याला पाणी पाजणे म्हणतो. पण विळा मात्र कडक होतो! क्रिया एकच, परिणाम उलट. असे का व्हावे?

तांबे ठोकल्याने त्याच्या स्फटिकांची रचना विस्कटते व गुंतते, म्हणून ते कडक होते. तापवल्यावर नवे, सुबक स्फटिक तयार होतात आणि तांबे नरम पडते. ते हळू थंड केले काय किंवा पाण्यात बुडवले काय, त्याच्या नरमपणात फरक पडत नाही. पाण्याने काम लवकर होते आणि वरची काळी खपली सुटते, एवढेच.

पोलादाची गोष्ट निराळी, कारण त्यात कार्बन असतो. स्प्रिंगच्या पोलादात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. शिवाय सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम हेही थोड्या प्रमाणात मिसळलेले असतात. सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर हा कार्बन तापलेल्या लोखंडात साखरेसारखा विरघळतो. हळू थंड केले तर तो लोखंडाशी संयोग पावून वेगळा होतो आणि पोलाद नरम राहते. एकदम थंड केले तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो स्फटिकात अडकून पडतो, स्फटिक ताणले जातात आणि पोलाद अतिशय कडक, पण काचेसारखे ठिसूळ होते. म्हणून पाणी पाजल्यावर पुन्हा बेताची आच द्यावी लागते. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर या वेळी रंग चढत जातात: सुमारे २२० अंशांना फिकट पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० ला निळा. जसजशी आच वाढते तसतसा कडकपणा थोडा कमी होतो आणि चिवटपणा वाढतो. धारेसाठी पिवळा ते तपकिरी रंग योग्य. मार खाणाऱ्या हत्याराला त्याहून अधिक आच हवी. मोटारीच्या स्प्रिंगांना कारखान्यात ४०० ते ५०० अंशांपर्यंत आच देतात, कारण त्यांना धारेपेक्षा लवचिकपणा हवा असतो.

तापलेले पोलाद पाणी पाजण्याजोगे झाले, हे कसे ओळखावे? सुमारे ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते. तापत्या तुकड्याला लोहचुंबक चिकटेनासे झाले, की आणखी थोडी आच देऊन तो बुडवावा. मात्र पाट्याचे पोलाद साध्या पाण्यात एकदम बुडवले तर तडकण्याची भीती असते. त्यासाठी तेल बरे. तेलात ते जरा सावकाश थंड होते. तेल पेट घेऊ शकते, म्हणून हे काम लोहारानेच करावे.

आता ध्यानात येईल की पाट्याचे पोलाद विळ्याला, कोयत्याला आणि वखराच्या पासेला का चालते. धार धरण्याइतका कार्बन त्यात आहे. बाजारात "पाट्याचा कोयता" म्हणून विक्रेता भाव सांगतो तो याच गुणावर. नेपाळातील खुकरीही मोटारीच्या जुन्या पाट्यांपासून घडवतात. ६ सेंटिमीटर रुंद, ७ मिलिमीटर जाड आणि १ मीटर लांब पाट्याचे वजन सुमारे ३ किलो ३०० ग्रॅम भरते. एवढ्या चांगल्या पोलादातून बरीच हत्यारे निघतील.

परंतु एक अट आहे. भट्टीत घातल्याने भेग बुजत नाही. भेगेच्या दोन्ही कडांवर गंजाची आणि खपलीची पुटे असतात; ती असताना घणाचे घाव घातले तरी धातू धातूला मिळत नाही. म्हणून खडूच्या परीक्षेत जेथे रेघ उमटेल, तो भाग दोन्ही बाजूंनी चार बोटे सोडून कापून टाकावा. उरलेले पोलाद तापवून ठोकले, पाणी पाजले आणि आच दिली, की त्याची रचना नव्याने घडते. शिवाय पास मोडली तर वखर थांबतो, माणूस मरत नाही. जुन्या धातूला नवे काम देताना हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

भट्टीपासून दूर ठेवायची वस्तू

शॉकॲब्सॉर्बर हा ढिगातला सर्वांत साळसूद दिसणारा, पण सर्वांत धोक्याचा भाग. स्प्रिंग एकटी असती तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डोलत राहिली असती. ही आंदोलने थांबवण्यासाठी एका नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि आंदोलनांच्या ऊर्जेची उष्णता होते. तेलाला फेस येऊ नये म्हणून अनेक शॉकॲब्सॉर्बरांत दाबाखाली वायू भरलेला असतो. काही प्रकारांत हा दाब २० ते ३० वातावरणांइतका असतो.

आकारमान कायम असता वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे तुम्ही शिकलाच आहात. ३०० केल्व्हिनला २५ वातावरण असलेला दाब ९०० केल्व्हिनला ७५ वातावरण होईल. ९०० केल्व्हिन म्हणजे ६२७ अंश सेल्सिअस. लोहाराच्या भट्टीत ही काही मोठी गोष्ट नव्हे. त्यात तेलाची वाफ मिळाली म्हणजे तो बंद नळा बाँबसारखाच फुटेल. म्हणून शॉकॲब्सॉर्बर भट्टीत टाकू नये, गॅसने कापू नये, खेळ म्हणून ठोकू नये. त्यातले तेलही विहिरीजवळ किंवा मातीत ओतू नये. असे भाग वेगळे ठेवून, ते काय आहेत हे सांगूनच, मोटारी मोडण्याचा परवाना असलेल्या केंद्राकडे द्यावेत. २०२१ पासून अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र नियम आहेत.

भंगार ही शेवटची पायरी

उरला भंगारवाला. त्याचे काम कमी मोलाचे नाही. लोखंडाच्या दगडापासून १ किलोग्रॅम पोलाद करायला साधारण २० मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. भंगार वितळवून पोलाद केले तर त्याहून पुष्कळच कमी पुरते. पण वितळवण्याच्याही अलीकडे एक पायरी आहे. १ किलोग्रॅम पोलाद ठोकण्याइतके, म्हणजे १,००० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६५ मेगाज्यूल उष्णता लागते. वितळवायला तिच्या साधारण दुप्पट. लोहाराच्या भट्टीत बरीच उष्णता वाया जाते, हे मान्य. तरीही चांगल्या पाट्याचे विळे करणे ही तो वितळवण्यापेक्षा अलीकडची पायरी आहे. शिवाय वितळलेल्या भंगारात साध्या लोखंडाबरोबर मिसळून त्या पाट्याच्या निवडक पोलादाची ओळखच पुसली जाते.

भंगारात आणखी एक काळजी घ्यावी लागते. पाट्यांच्या कानांत कधी पितळी, कधी काशासारख्या मिश्रधातूचे बुश असतात. या सर्वांत तांबे असते. ते बुश तसेच पोलादाबरोबर वितळले, तर तांबे पोलादात उतरते आणि नंतर सहजासहजी काढता येत नाही. असे पोलाद तापवून लाटताना त्याच्या पृष्ठभागावर चिरा पडतात. म्हणजे तांबटाच्या दृष्टीने जे सोने, ते पोलादाच्या दृष्टीने विष! सोनगीरसारख्या ठिकाणी तर बुश काढून वेगळे ठेवण्याचा आळस कोणीच करू नये. मोड देऊन नवे भांडे घेण्याची रीत आपल्या आजीलाही ठाऊक होती.

ढिगाची वाटणी

आम्ही दोघांनी दिवसभर खपून त्या ढिगाचे पाच वाटे केले.

१. भेग नसलेले पाटे आणि भेग कापून टाकलेले पाटे: शेतकऱ्याला, हत्यारांसाठी. प्रत्येकावर खडूने "गाडीला नाही" असे लिहिले.

२. दोन चांगल्या वेटोळ्या स्प्रिंगा: शाळेला. मध्ये लोखंडी नळी उभी करून तिच्याभोवती स्प्रिंग बसवायची, वर भोक पाडलेली फळी ठेवायची आणि २५ किलोग्रॅमच्या गोण्या एकेक करून चढवायच्या. हूकचा नियम साऱ्या वर्गाला एकाच वेळी दिसेल.

३. बुश: रबरी वेगळे, पितळी वेगळे, पितळी मोडीत.

४. शॉकॲब्सॉर्बर: सावलीत, वेगळ्या पेटीत, परवानाधारक केंद्राकडे पाठवण्यासाठी.

५. उरलेले कापलेले तुकडे, गंजून खळगे पडलेले पाटे आणि मोडक्या स्प्रिंगा: भंगारवाल्याला.

जीपवाल्याला ढिगातले काहीच मिळाले नाही. माझ्या विद्यार्थ्याने त्याला नवा पाटा उधारीवर बसवून दिला. त्या दिवशी गॅरेजच्या गल्ल्यात जितके पैसे यायला हवे होते तितके आले नाहीत. "सर, वर्गात असताना थकव्याचा धडा मी सोडून दिला होता, परीक्षेत येत नाही म्हणून," तो हसत म्हणाला. "आज आला."

करून पाहा

कागद अडकवण्याच्या एकाच डबीतल्या २० तारेच्या पिना घ्या. प्रत्येक पीन सरळ करा. पाच तारा ९० अंशांत, पाच ६० अंशांत, पाच ४५ अंशांत आणि पाच ३० अंशांत, एकाच जागी, पुढे-मागे वाकवत राहा. किती वेळा वाकवल्यावर तार तुटते ते मोजा. प्रत्येक गटाची सरासरी काढा. आडव्या अक्षावर तुटेपर्यंतच्या फेऱ्या आणि उभ्या अक्षावर कोन घेऊन आलेख काढा. व्होलरच्या आलेखाचा धाकटा भाऊ तुमच्या वहीत उतरेल. एकाच गटातील पाच तारा सारख्याच फेऱ्यांत तुटल्या का, हेही नोंदवा. त्यावरून "हा पाटा अजून किती दिवस टिकेल?" या प्रश्नाचे नेमके उत्तर देणे का कठीण असते, हे तुमच्या ध्यानात येईल. तुटलेली टोके बोचतात व गरमही लागतात. गरम का लागतात, याचाही विचार करा.

विचार करा

१. स्प्रिंगचे तीन समान तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्याचा स्थिरांक मूळच्या किती पट होईल?

२. ५० किलोग्रॅमची गोणी ठेवल्यावर एक स्प्रिंग ५ सेंटिमीटर दबली. तिचा स्थिरांक काढा. १० सेंटिमीटर दबली असता तिच्यात किती ऊर्जा साठेल?

३. तुमच्या घरातील विळा, सुरी, पहार आणि घागर यांपैकी कोणत्या वस्तूला पाणी पाजलेले असेल व कोणत्या वस्तूला नसेल? कारण सांगा.

४. तुमच्या गावातील गॅरेजमागच्या ढिगाची यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहा: हिने आजवर कोणते काम केले? आणि ती मोडली तर कोणाला इजा होईल?